जलसंधी, जलकरार की तह? आणि 'सही केली' म्हणजे नक्की काय केलं?

प्रश्न असा आहे: सिंधू नदीच्या पाण्याबद्दलच्या बातम्यांत कुठे 'जलसंधी', कुठे 'जलकरार', तर एखाद्या लेखात चक्क 'तह' असं वाचायला मिळतं. यांतलं बरोबर काय? शिवाय 'भारताने करारावर सही केली' आणि 'भारताने कराराला मान्यता दिली' यांत काही फरक आहे, की ती बातमीदाराची लहर?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. कराचीत 19 सप्टेंबर 1960 रोजी झाला तो सिंधू जलवाटप करार. 'जलसंधी' ही हिंदी बातमीवरून घाईत उतरवलेली आहे. हिंदीत 'संधि' म्हणजे दोन राष्ट्रांतला करार. मराठीत संधी असते ती नोकरीची, शेवटची किंवा हुकलेली. 'भारताने संधी स्थगित केली' हे वाक्य मराठी वाचक दोनदा वाचतो, आणि दुसऱ्यांदा वाचावं लागलं की बातमीचं काम बिघडलंच. शब्द काही परका नाही. कौटिल्याच्या षाड्गुण्यात संधी हा पहिलाच गुण आहे. पण तो अर्थ आपल्याकडे मुख्यतः जोडशब्दात उरला: शस्त्रसंधी. सुटा वापरायचा झाला तर जपून. (असाच दुसरा घोळ 'प्रस्ताव'चा. सुरक्षा परिषदेचा 1967 चा 242 क्रमांकाचा तो ठराव. मराठीत मांडतात तो प्रस्ताव, संमत होतो तो ठराव. हिंदीत दोन्हींना प्रस्तावच म्हणतात, म्हणून आपल्याकडे संमत झालेले ठरावही अलीकडे 'प्रस्ताव'च राहू लागलेत.)

आता तह. मराठी कानाला तह म्हटला की आधी लढाई झालेली असावी लागते. 'युद्धात जिंकलं आणि तहात हरलं' या बोलण्यातच त्याची व्याख्या आहे. पुरंदरचा तह (1665, तेवीस किल्ले गेले, बारा राहिले), सालबाईचा तह, वसईचा तह, आणि त्याच चालीवर व्हर्सायचा तह. शस्त्रसंधीने तोफा थांबतात, तहाने युद्ध संपतं. पहिल्या महायुद्धातली शस्त्रसंधी 11 नोव्हेंबर 1918 ची, व्हर्सायचा तह 28 जून 1919 चा. कोरियात 27 जुलै 1953 ला शस्त्रसंधी झाली, तह अजून झालेला नाही. म्हणून 'कोरियन युद्ध 1953 च्या तहाने संपलं' हे शब्दानेही चूक आणि वस्तुस्थितीनेही.

करार मात्र ऐसपैस शब्द आहे. भाडेकरारापासून अण्वस्त्र प्रसारबंदी करारापर्यंत सगळं त्यात मावतं, आणि दोन्ही बाजूंना राज्यसत्ता असण्याचीही गरज नाही. म्हणूनच 1932 चा पुणे करार हा करार आहे, तह नाही. आता कोणी म्हणेल, शिमल्याला 1972 मध्ये जे झालं ते तर युद्धानंतरच झालं, मग 'शिमला तह' का नाही? नियम काटेकोर नाही, एवढंच त्याचं उत्तर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी वृत्तपत्रांनी तह हा शब्द बराचसा इतिहासाकडे सोपवला. ताश्कंदच्या 10 जानेवारी 1966 च्या दस्तऐवजाचं मूळ नाव 'घोषणापत्र' आहे, तरी आपण त्याला ताश्कंद करारच म्हणतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

का बिघडत नाही, हे जरा सविस्तर सांगायला हवं. आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक कागदाच्या शीर्षकाला फारसे भाव देत नाहीत. करारांच्या कायद्याविषयीचा 1969 चा व्हिएन्ना करार आहे. भारत त्यात सामील नाही, पण त्यातले बरेच नियम रूढी म्हणून सर्वत्र मानले जातात. देशादेशांत लेखी झालेला आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कक्षेतला समझोता म्हणजे करार, मग त्याला नाव काहीही असो, असं त्याच्या दुसऱ्याच कलमात म्हटलं आहे. सनद, संकेत, प्रोटोकॉल, पत्रव्यवहार, काहीही. संयुक्त राष्ट्रांची सनद हाही कायद्याच्या भाषेत एक करारच.

याचं टोकाचं उदाहरण कतार आणि बहरीनचं. डिसेंबर 1990 मध्ये दोन्हींच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सौदी अरेबियाच्या परराष्ट्रमंत्र्यांसह एका बैठकीच्या इतिवृत्तावर सह्या केल्या. पुढे त्याच इतिवृत्ताच्या आधारे कतार हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. बहरीनच्या मंत्र्यांचं म्हणणं होतं की आपण आपल्या देशाला बांधून घेतोय असं त्यांच्या मनातही नव्हतं. न्यायालयाने 1 जुलै 1994 रोजी सांगितलं की कागदात काय लिहिलंय ते आम्ही बघू. त्यात दोन्ही बाजूंनी कबूल केलेल्या गोष्टी नोंदल्या आहेत, तेव्हा हा करार आहे. म्हणजे इतिवृत्त करार ठरलं! उलट टोक हेलसिंकीचं. 1 ऑगस्ट 1975 रोजी 35 देशांनी सही केलेल्या 'फायनल अ‍ॅक्ट'चं भाषांतर कोणी 'अंतिम कायदा' करतं, पण तो कायदा तर नाहीच, करारही नाही. संयुक्त राष्ट्रांकडे करार म्हणून त्याची नोंदणी होऊ शकत नाही, असं त्यातच लिहून ठेवलं आहे. 'अंतिम दस्तऐवज' म्हटलं की भागलं.

याच कारणाने 'सामंजस्य करार' हा आपला रुळलेला शब्द थोडा फसवा आहे. आंतरराष्ट्रीय व्यवहारात हा प्रकार बहुधा कायदेशीर बंधन नको असतं तेव्हाच निवडतात, आणि मराठीने नेमकं त्याच्याच शेपटीला 'करार' बांधलाय. दावोसला महाराष्ट्र सरकार कंपन्यांशी करतं ते सामंजस्य करार तर दोन देशांतलेही नसतात. शब्द आता बदलणार नाही. मात्र 'इतक्या कोटींचे करार झाले' असं लिहिताना 'सामंजस्य' गाळू नये. बातमीतला सगळा सावधपणा त्या एकाच शब्दात आहे.

तेव्हा नाम सोडा, क्रियापद बघा. प्रश्नाचा दुसरा भाग इथे येतो आणि खरी गफलत इथेच होते.

मोठ्या बहुपक्षीय कराराचे टप्पे वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं क्रियापद वेगळं. पॅरिसचा हवामान करार घ्या. 12 डिसेंबर 2015 ला परिषदेने तो स्वीकारला. त्या दिवशी एकाही देशाने सही केलेली नाही, 'पॅरिसमध्ये जगाने सह्या केल्या' असं कितीही छापून आलेलं असो. सह्यांसाठी तो न्यूयॉर्कमध्ये 22 एप्रिल 2016 ला खुला झाला. भारतासह 174 देशांनी आणि युरोपीय संघाने पहिल्याच दिवशी सही केली. भारताने अनुसमर्थनाचा, म्हणजे 'हा करार आम्हाला बंधनकारक आहे' अशा अंतिम मान्यतेचा, दस्तऐवज जमा केला तो 2 ऑक्टोबर 2016 ला. आणि करार लागू झाला 4 नोव्हेंबर 2016 ला, कारण अट अशी होती की जगातल्या किमान 55 टक्के उत्सर्जनाचा वाटा असलेले किमान 55 पक्ष सामील झाले की त्यानंतर तिसाव्या दिवशी तो लागू होईल. स्वीकारला, सही केली, अनुसमर्थन केलं, लागू झाला: चार क्रियापदं, चार तारखा.

सहीने देश साधारणपणे बांधला जात नाही. कराराच्या मूळ हेतूवरच घाव पडेल असं काही करायचं नाही, एवढंच बंधन सही केल्यावर येतं, आणि तेही 'आम्ही यात येणार नाही' असं तो देश स्पष्ट करेपर्यंतच. (काही करार केवळ सहीनेही लागू होतात, पण मग बहुधा तसं करारातच लिहिलेलं असतं.) छळविरोधी करारावर भारताने 14 ऑक्टोबर 1997 ला सही केली, अनुसमर्थन केलेलं नाही. 'भारताने हा करार मान्य केला आहे' हे वाक्य म्हणून चूक, आणि 'भारताचा याच्याशी संबंध नाही' हेही चूक.

सही आणि अनुसमर्थन यांत किती काळ जाऊ शकतो? बांगलादेशाबरोबरचा भूसीमा करार 16 मे 1974 चा. प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने बेरुबारी प्रकरणात 1960 मध्येच सांगून ठेवलं होतं. ती शंभरावी घटनादुरुस्ती 2015 मध्ये झाली, 6 जूनला ढाक्यात अनुसमर्थनाचे दस्तऐवज बदलले गेले, आणि 31 जुलैच्या मध्यरात्री भारताची 111 आणि बांगलादेशाची 51 छिटमहलं (चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेले भूभाग) इकडची तिकडे झाली. मधे 41 वर्षं. एरवी भारतात संसदेचं मत घ्यावंच लागतं असं नाही. मंत्रिमंडळ ठरवतं आणि राष्ट्रपतींच्या सहीने दस्तऐवज निघतो. देशातला कायदा बदलायचा असेल तर संसदेकडे जावं लागतं, आणि कलम 253 मुळे राज्यसूचीतल्या विषयावरही संसदेला तसा कायदा करता येतो.

अमेरिकेचं वेगळं. तिथे सिनेटची दोन तृतीयांश मतांनी संमती लागते. पण 'सिनेटने अनुसमर्थन केलं' असं लिहू नये. सिनेट संमती देते, अनुसमर्थन राष्ट्राध्यक्ष करतात. सर्वंकष अणुचाचणी बंदी करारावर अमेरिकेची सही 1996 ची आहे. सिनेटने 13 ऑक्टोबर 1999 ला संमती नाकारली, 48 विरुद्ध 51. सही अजून कागदावर आहे.

'अनुसमर्थन' हा शब्द मला स्वतःला आवडत नाही. वाचक त्यात 'समर्थन' वाचतो आणि 'पाठिंबा दिला' असं समजून पुढे जातो. पण शासकीय परिभाषेत तोच आहे आणि अचूक लिहायचं तर तोच वापरावा: 'कराराला अनुसमर्थन दिलं' नव्हे, 'कराराचं अनुसमर्थन केलं'. ललित किंवा इतिहासाच्या लेखनात मात्र 'शिक्कामोर्तब' हा अस्सल शब्द हाताशी आहे. सालबाईला मराठे आणि इंग्रज यांच्या सह्या झाल्या 17 मे 1782 ला, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने. नाना फडणीसांनी मात्र पुण्याची मंजुरी लांबवत नेली. 7 डिसेंबरला इंग्रजांविरुद्धचा त्यांचा साथीदार हैदर अली वारला, त्यानंतरच ती आली. सही आणि शिक्कामोर्तब यांतलं अंतर हे मुत्सद्द्याचं हत्यार असतं, हे नानांना व्हिएन्नाशिवायच ठाऊक होतं. आजच्या बातमीत मात्र 'शिक्कामोर्तब' नको. उमेदवारीपासून लग्नाच्या तारखेपर्यंत सगळ्यावर ते होत असल्याने शब्द बोथट झालाय.

राहिली बाहेर पडण्याची क्रियापदं. पॅरिस करारातून अमेरिकेने 'माघार घेतली' ती 2017 ला नव्हे. 2017 ला घोषणा झाली. करार लागू होऊन तीन वर्षं झाल्याशिवाय नोटीस देता येत नाही आणि नोटिशीनंतर वर्ष जावं लागतं, त्यामुळे पहिली माघार प्रत्यक्षात आली ती 4 नोव्हेंबर 2020 ला. आणि सिंधू करार? एप्रिल 2025 मध्ये भारताने तो 'रद्द केला', 'मोडला', 'तोडला', 'त्यातून माघार घेतली' असं सगळं छापून आलं. भारत सरकारचा शब्द 'स्थगित ठेवला' या अर्थाचा होता. त्या करारात एकतर्फी बाहेर पडण्याचं कलम नाही; तो संपवायचा तर त्याच कामासाठी दुसरा करार करून त्याचं अनुसमर्थन व्हावं लागतं, असं त्याच्या बाराव्या कलमात आहे. स्थगितीचंही कलम त्यात नाही, आणि दोन देशांतला वाद त्यावरच आहे. तेव्हा लिहायचं ते 'भारताने सिंधू जलवाटप करार स्थगित ठेवला'.