वाचन काय होतं, असं विचारलं तर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला. ‘आंटी, सगळं ठीक आहे’ आणि पुढे एक अंगठा. जर्मनीत आखेनला उतरून अकरा दिवस झालेल्या माणसाचं सगळं ठीक नसतं. मी त्याच गावात पाच वर्षं काढली आहेत, मला नको सांगू. पण तुझ्या आईला मात्र असंच कळवत राहा, ती आधीच रात्रीची झोपत नाही.

तू विचारलंस ते आधी. शहराच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा, त्या फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्यात काय लिहू? वसतिगृहातल्या कुणीतरी तुला सांगितलं, ‘काही लिहू नकोस, नाहीतर चर्चचा टॅक्स कापतात.’ मलाही 2004 साली एका सीनियरने अगदी हेच सांगितलं होतं आणि मी शहाण्यासारखा रकाना कोरा सोडला होता. आता नीट ऐक. टॅक्स खरा आहे. तुझ्या राज्यात तो 9 टक्के, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 8. पण हे टक्के पगारावर नसतात, आयकरावर असतात. हजार युरो आयकर बसला तर चर्चचे नव्वद. तुझा आयकर किती? शून्य. व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या ब्लॉक खात्यातून महिन्याला 992 युरो येतात ते तुझ्या बाबांचेच पैसे. उद्या लॅबमध्ये थोडे तास काम मिळालं तरी वर्षाची कमाई करपात्र होईपर्यंत चर्चला तुझ्याकडून एक सेंटही जाणार नाही. म्हणजे ज्या टॅक्सला घाबरून मी खोटं बोलले, तो मला लागणारच नव्हता!

नोकरी लागल्यावर मी ती नोंद स्वतःहून दुरुस्त केली. कुणी पकडलं नाही, कुणी दंड केला नाही. पण खिडकीपलीकडच्या बाईने ‘म्हणजे तेव्हा नव्हता आणि आता आहात का?’ असं अगदी साधेपणाने विचारलं, आणि मला जर्मन येत असूनही उत्तर सुचेना. तेव्हा ‘रोमन कॅथलिक’ लिही आणि मोकळी हो. पुढे कधी टॅक्स जड वाटला तर तिथे कोर्टात जाऊन रीतसर चर्च सोडता येतं. मात्र तिथल्या बिशपांनी 2012 साली स्पष्ट केलंय की तसं सोडणाऱ्याला कम्युनियन, म्हणजे मिस्सातला ख्रिस्तप्रसाद, नाही, कुणाच्या बाप्तिस्म्याला गॉडमदर होता येत नाही. तो निर्णय घ्यायचाच तर पूर्ण विचार करून घ्यायचा. वसतिगृहाच्या जिन्यात उभं राहून ऐकलेल्या सल्ल्यावर नाही.

कचेरीत आणखी एक गंमत होईल. आपली डिमेलो-परेरा छापाची आडनावं बघून ते तुला पोर्तुगीज समजतील. मग भारतीय पासपोर्ट पुढे केलास की ‘मग हिंदू ना?’ आणि त्याच संध्याकाळी आपली मराठी मंडळी भेटली की ती म्हणणार, ‘अय्या, तू ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलतेस!’ चिडू नकोस. घरात वसईची कादोडी बोली, चर्चमध्ये मराठी, कॉलेजात इंग्रजी असं वाढलेलं माणूस एका वाक्यात समजावून सांगता येत नाही. मी सुरुवातीला चारशे वर्षांचा इतिहास ऐकवायचे, मग तो सोडला आणि मोदक खायला जाऊ लागले. तूही जा. दिवाळीलाही जा.

आता मिस्साचं, म्हणजे रविवारच्या चर्चमधल्या उपासनेचं. हे जरा लांबणार आहे.

आपल्याकडे रविवारी चर्चला जाणं हा निर्णय नसतो. घंटा होते, आई दारात उभी असते, गल्लीतली सगळी त्याच दिशेने चाललेली असतात, आणि नाही गेलीस तर दुपारपर्यंत चार जणी ‘बरं नाही का?’ म्हणून विचारून जातात. आखेनला तुला कुणी विचारणार नाही. मला वाटलं होतं माझी श्रद्धा पक्की आहे. पक्की होती ती गल्ली, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

मी पहिले पाच रविवार गेले नाही. कारणं चांगली होती. पहिल्या रविवारी झोप, दुसऱ्या रविवारी दुकानं बंद असतात हे माहीत नसल्यामुळे उपाशीपोटी डोकं दुखत होतं, मग असाइनमेंट, मग पाऊस, आणि पाचव्या रविवारी काहीच कारण नव्हतं, तरी गेले नाही. कॉलिंग कार्ड खरवडून घरी फोन लावायचे, आई विचारायची, ‘मिस्साला गेलीस?’ मी ‘हो’ म्हणायचे. मग ती विचारायची, ‘वाचन काय होतं?’

हा प्रश्न भोळा नाही. वसईत ज्या रविवारी येशूच्या गोष्टीचा जो भाग, म्हणजे जे शुभवर्तमान, वाचलं जातं तेच त्या दिवशी आखेनला वाचलं जातं, एखाददुसरा सण इकडेतिकडे सरकतो तेवढाच. आईला उत्तर आधीच माहीत असायचं. मी म्हणायचे, ‘जर्मनमध्ये होतं, कळलं नाही.’ ती म्हणायची, ‘बरं.’

सहाव्या रविवारी, 31 ऑक्टोबरला, मी गेले. कॅथेड्रलमध्येच गेले, कारण दुसरं चर्च शोधायचा कंटाळा. त्या पहाटे तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. माझ्या गजराच्या घड्याळाला ते कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे मी तासभर आधी पोहोचले आणि थंडीत उभी राहिले. शार्लमेनने साधारण इसवी सन 800च्या सुमारास बांधून घेतलेलं ते अष्टकोनी चॅपेल, जिथे 936 पासून 1531 पर्यंत जर्मन राजांचे राज्याभिषेक झाले, ते मी वाहत्या नाकाने पाहिलं. मिस्साच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. दारावरच्या माणसाने हात आडवा धरला तर ‘त्सुम गोटेसडीन्स्ट’ म्हणायचं, म्हणजे उपासनेसाठी. हे दोन शब्द आजच पाठ कर.

आत गायनाच्या पुस्तकात मला काही सापडेना. भिंतीवरच्या फळीवर नुसते आकडे लावलेले असतात, कुणी ‘अमुक गीत’ म्हणून सांगत नाही. शेजारच्या म्हातारीने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, पान काढलं, परत दिलं. प्रत्येक गीताला तेच. बोलली काही नाही. शुभवर्तमानात मला एकच शब्द कळला, ‘त्साखेउस’. जक्कय! जकातदार, ठेंगणा, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. पुढचं सगळं मला मराठीत ऐकू आलं.

संध्याकाळी फोनवर आईने विचारलं, ‘वाचन काय होतं?’ ‘जक्कयचं.’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे आज गेलीस.’

तर तू असं कर. शनिवारी रात्री उद्याचं वाचन मराठीत वाचून ठेव. पहिले दोन महिने तरी जर्मन प्रवचनातलं काही कळणार नाही, न कळू दे. माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा माझं जर्मन लवकर सुधारलं त्याचं श्रेय मी क्लासला कमी आणि त्या मिस्साला जास्त देते, कारण अर्थ आधीच माहीत असलेली भाषा कानात लवकर बसते. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात जपानला गेला आणि तिथली भाषा अशी शिकला की पुढे फ्रान्सिस्कन मंडळींचा दुभाषी झाला. पुढे त्याला तिथेच क्रुसावर मारलं ते तुला माहीतच आहे, ते इतक्यात नको, पण भाषेपुरतं त्याचं ऐक.

गर्दीची अपेक्षा मात्र ठेवू नकोस. आपल्याकडे पुरुष बाहेर मांडवात उभे राहतात, तिथे एखाद्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, मिस्साला चाळीस डोकी असतील आणि तीस पिकलेली. अल्टरवर एखादे केरळचे फादर दिसले तर दचकू नकोस, बरेच आहेत तिकडे. एकट्या 2022 साली तिथे 5 लाख 22 हजार कॅथलिकांनी चर्च सोडलं. तुझे वर्गमित्र विचारतील, तू अजून त्यात कशी? त्यांच्या रागाला कारण आहे. 2018 साली बिशपांनीच करवून घेतलेल्या अहवालात 1946 ते 2014 मधली 3,677 पीडित मुलं मोजली गेली, आणि तेवढी तर फक्त नोंदी सापडलेली. तेव्हा लगेच वकिली करायला धावू नकोस. ऐकून घे. तुझं उत्तर तुझं असू दे, आणि पहिल्या महिन्यात ते नसलं तरी चालेल.

तुझ्या वयाची माणसं हवी असतील तर विद्यार्थ्यांचं कॅथलिक केंद्र शोध, तिथे त्याला ‘काहागे’ म्हणतात. जवळपास प्रत्येक विद्यापीठाच्या शहरात असतं. मिस्सा झाल्यावर लगेच पळू नकोस, खरी ओळख नंतरच्या चहा-कॉफीला आणि भांडी विसळताना होते. अशा बऱ्याच केंद्रांत परदेशी विद्यार्थ्यांची पैशाची, व्हिसाची अडचणही ऐकून घेतात. अडचण आल्यावर पहिल्यांदा दार वाजवण्यापेक्षा आधी दोनदा भांडी विसळलेली बरी.

किरकोळ गोष्टी. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, तुझ्याकडे टीव्ही नसला तरी. फेकू नकोस, एका घराला एकच वर्गणी असते, तेव्हा फ्लॅटमधल्या इतरांना विचार कोण भरतंय. शनिवारी संध्याकाळपर्यंत पाव आणून ठेव. सुके बोंबील युरोपात नेता येतात, मटण आणि दूध-तूप नाही, म्हणून तुझ्या आईने बोंबील दिलेत हे मला कळलंय. ते सामायिक स्वयंपाकघरात भाजू नकोस. मी भाजले होते. धुराचा भोंगा वाजला, सहा मजले खाली उतरले, आणि पुढचे सहा महिने माझी ओळख ‘मासेवाली’ अशी होती, जी तशी चुकीचीही नव्हती.

1 नोव्हेंबरला तुझ्या राज्यात सुट्टी असते. त्या वर्षी ती सोमवारी आली, म्हणजे सलग दोन दिवस दुकानं बंद, आणि माझ्याकडे अर्धा पाव. पुस्तकवाल्या म्हातारीने रविवारी निघताना खुणेनेच उद्या ये म्हणून सांगितलं होतं. ती मला स्मशानात घेऊन गेली. आपण मृतांच्या दिवशी थडग्यांवर मेणबत्त्या लावतो तशा तिथे लाल काचेतल्या दिवट्या लावतात, साडेपाचच्या सुमारास अंधारून येतं आणि सगळी टेकडी लाल लुकलुकते. नवऱ्याच्या थडग्याशी तिने एक दिवटी लावली आणि दुसरी माझ्या हातात दिली. माझं तिथे कुणीच नव्हतं. मी ती आजीच्या नावाने एका जुन्या, कुणी न आलेल्या थडग्यावर ठेवली. तूही जा त्या दिवशी, दिवटी सुपरमार्केटात मिळते, आदल्या दिवशी घेऊन ठेव.

घड्याळ मागे गेलं की वसई साडेतीन तासांऐवजी साडेचार तास पुढे असेल. तुझी आई दहाला आडवी होते, म्हणजे तुझ्या साडेपाचच्या आत फोन कर. सुकेळीची, आपल्या वाळवलेल्या केळ्यांची, दोन पुडकी मी बांधून ठेवली आहेत, कुणी येणारं मिळालं की पाठवते. एक तुझं, एक स्वयंपाकघरातल्या लोकांना. बोंबलांच्या आधी ते द्यायचं.

तुझी,
आंटी