गोव्यात राहून मॉड्युलर सिंथेसायझर घरी बांधायचा असेल, तर सुटे भाग आणि पॅनेल कुठून मिळवावेत?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: तुम्ही म्हापशाला राहता, सोल्डरिंग बऱ्यापैकी येते, एक लहानसा मॉड्युलर सिंथेसायझर (सुटी मॉड्यूल केबलने एकमेकांना जोडून आवाज घडवणारे वाद्य) स्वतः बांधायची इच्छा आहे, आणि त्याचे सुटे भाग व पुढची पॅनेल गोव्यात मिळतील की सगळेच परदेशातून मागवावे लागेल, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी फोंड्याला राहतो आणि बरीच वर्षे हाच छंद जोपासत आलो आहे, त्यामुळे इथल्या बाजारपेठेला धरून उत्तर देतो.

इलेक्ट्रॉनिक भागांची फारशी काळजी करू नका. काळजी करायची ती जॅक (केबल खोचायचे सॉकेट), पोटेन्शिओमीटर (नॉबखाली फिरणारा भाग) आणि पॅनेल या तिघांची. नवखा माणूस आधी चिप गोळा करतो, मग सर्किट बोर्ड मागवतो आणि पॅनेलचा विचार अगदी शेवटी करतो. माझ्या मते खरेदीचा क्रम नेमका उलटा असावा. रेझिस्टर एका कंपनीचा मिळाला नाही तर दुसरीचा चालतो, परंतु जॅकचे पाय एखाद्या मिलिमीटरने इकडेतिकडे असले तर तो बोर्डात बसत नाही, आणि बसवलाच तर पॅनेलच्या भोकासमोर येत नाही.

म्हणून पहिला निर्णय मापाचा घ्यावा. सर्वाधिक प्रचलित असलेले युरोरॅक हे माप जर्मनीच्या डोएप्फर कंपनीच्या ए-१०० या मालिकेतून १९९० च्या दशकाच्या मध्यास रूढ झाले. त्यात पॅनेलची उंची १२८.५ मिमी असते, रुंदी ५.०८ मिमीच्या पटीत मोजतात आणि जॅक ३.५ मिमीचे असतात. दुसरे माप कॉस्मो. इंग्लंडमधील सॅम बॅटल, म्हणजेच 'लुक मम नो कॉम्प्युटर', यांनी ते प्रचारात आणले. त्यात पॅनेल २०० मिमी उंच, रुंदी २५ मिमीच्या पटीत आणि जॅक ६.३५ मिमीचे, म्हणजे गिटारला लागतात तेच. युरोरॅकमध्ये तयार मॉड्यूल, किट आणि बोर्ड यांची निवड अफाट आहे, हे खरे. पण गोव्यातून भाग जमवायचे असतील तर कॉस्मोची बाजू मला अधिक भक्कम वाटते. इथे जत्रेतली नाटके, तियात्रे (कोकणी नाट्यप्रयोग) आणि लग्नसमारंभ यांमुळे साऊंडवाल्यांची कमतरता नाही, आणि त्यांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दुकानांत ६.३५ मिमीचे सॉकेट, १६ मिमीचे पोटेन्शिओमीटर, नॉब, टॉगल स्विच, ट्रान्सफॉर्मर आणि ७८१२ व ७९१२ हे रेग्युलेटर सहसा मिळतात. म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा या चारही ठिकाणी अशी दुकाने सापडतील. युरोरॅकसाठी लागणारा ३.५ मिमीचा उभा, बोर्डावर बसणारा मोनो जॅक मात्र या दुकानांत मागू नका. तुम्हाला मोबाइलच्या हेडफोनचा स्टीरिओ सॉकेट दाखवला जाईल.

युरोरॅकच करायचे ठरले, तर बहुतेक आराखडे पीजे३९८एसएम या जातीचा जॅक आणि अल्फा कंपनीचा ९ मिमीचा उभा पोटेन्शिओमीटर गृहीत धरतात. इंग्लंडमधील थाँक हे दुकान हे दोन्ही भाग विकते, आणि त्यांनी रूढ केलेल्या नावावरून त्या जॅकला अनेक जण 'थाँकिकॉन' म्हणतात. थायलंडमधील टायडा इलेक्ट्रॉनिक्सकडेही पोटेन्शिओमीटर, नॉब आणि स्विच वाजवी दरात मिळतात. जॅक आणि पोटेन्शिओमीटर एकाच खेपेत, आणि पुढच्या चार-सहा मॉड्यूलना पुरतील इतके मागवावेत. परदेशी पार्सलवर सीमाशुल्क आणि आयजीएसटी तर लागतोच, शिवाय कुरियर कंपनी आपले हाताळणी शुल्क पार्सलमागे आकारते, त्यामुळे मूठभर जॅकच्या मागणीवर खर्च मालापेक्षा जास्त होऊ शकतो. कुरियरसाठी केवायसीची कागदपत्रे आधीच भरून ठेवली तर पार्सल अडकून पडत नाही. ओळखीत आणखी कोणी बांधणारे असतील तर एकत्र मागणी करणे सर्वांत शहाणपणाचे.

आता चिपकडे वळू. टीएल०७२ व टीएल०७४ हे ऑप-अँप (सिग्नल वाढवणाऱ्या किंवा मिसळणाऱ्या चिप), ४००० मालिकेतील सीमॉस चिप, एलएम१३७०० हे सर्व भारतात मिळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली ही ठिकाणे तुम्हाला ठाऊक असतीलच. तिकडे जाणाऱ्या कोणाकडे यादी देणे हा आपल्याकडचा जुना मार्ग अजूनही उपयोगी आहे. खात्रीचा माल हवा असेल तर माऊझर, डिजीकी किंवा एलिमेंट१४ यांच्या भारतीय संकेतस्थळांवरून मागवावे. दुकानात एक प्रसंग हमखास घडतो: तुम्ही टीएल०७२ मागता, तो संपलेला असतो, आणि दुकानदार ४५५८ पुढे करून म्हणतो, "पाय तेच आहेत, चालेल." पाय तेच असतात, ही गोष्ट खरी, मिक्सरसारख्या साध्या सर्किटमध्ये ती चिप बहुधा चालूनही जाते. परंतु सॅम्पल अँड होल्ड (व्होल्टेज पकडून धरून ठेवणारे सर्किट) किंवा ऑसिलेटरच्या, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या भागाच्या, इंटिग्रेटरमध्ये ती घालू नये, कारण टीएल०७२ च्या इनपुटला फेट जातीचे ट्रान्झिस्टर असल्यामुळे तिथून नगण्य प्रवाह जातो, तर ४५५८ चा इनपुट प्रवाह त्या मानाने बराच मोठा असल्याने कपॅसिटरवर धरून ठेवलेले व्होल्टेज हळूहळू ढळू लागते. तीच सावधगिरी ट्रान्झिस्टरबाबत. परदेशी आराखड्यांत २एन३९०४ असतो, आपल्याकडे बीसी५४७ सगळीकडे मिळतो, आणि अनेक ठिकाणी एकाच्या जागी दुसरा चालतो. मात्र सपाट बाजू आपल्याकडे धरली असता पहिल्याचे पाय एमिटर, बेस, कलेक्टर या क्रमाने येतात आणि दुसऱ्याचे कलेक्टर, बेस, एमिटर या क्रमाने. म्हणजे बदली भाग उलटा फिरवून बसवावा लागतो.

ऑसिलेटरसाठी ३३४० ही चिप घ्यावी, असे मी सुचवेन. प्रॉफेट-५ या सिंथेसायझरच्या तिसऱ्या आवृत्तीत आणि रोलँडच्या एसएच-१०१ या सिंथेसायझरमध्ये मूळ सीईएम३३४० होती. गोवा ट्रान्सच्या चाहत्यांना त्या दुसऱ्या यंत्राची वेगळी ओळख करून द्यायला नको. कर्टिस कंपनीने ती २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आणली, आणि लाटव्हियातील आल्फा कंपनीची एएस३३४० ही तिचीच आवृत्ती आहे. स्वस्त संकेतस्थळांवर दिसणाऱ्या 'जुन्या साठ्यातील' दुर्मीळ चिपच्या वाटेला जाऊ नये. त्यांत पुसून नव्याने छापलेला माल भरपूर असतो. सुट्या ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटरच बांधायचा असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. बेसवरच्या व्होल्टेजमध्ये सुमारे १८ मिलिव्होल्टची वाढ झाली की प्रवाह दुप्पट होतो, म्हणजे स्वर एक सप्तक वर चढतो. अर्थात दीड मिलिव्होल्टला एक अर्धस्वर. उलट, ट्रान्झिस्टर एक अंश तापला की तेच व्होल्टेज सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरते. अशा ऑसिलेटरला लागणारी सारख्या ट्रान्झिस्टरची जोडी जुळवताना ट्रान्झिस्टर बोटांनी धरला तर मापे सरकतात, ती याच कारणाने; चिमट्याने धरावा, पंखा बंद ठेवावा आणि आकडा स्थिरावू द्यावा. जुळवणीत उरलेला किंचित फरक ट्यूनिंगच्या प्रीसेटने (स्क्रूने फिरवायच्या छोट्या पोटेन्शिओमीटरने) भरून निघतो, पण दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच तापमानावर राहिले पाहिजेत, म्हणून त्यांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटवतात.

पॅनेलबाबत सर्वांत सोपा मार्ग असा की, जिथे सर्किट बोर्ड बनवून घ्याल तिथेच पॅनेलही बोर्ड म्हणून बनवून घ्यावे. १.६ मिमी जाडीचा, काळ्या मास्कचा, पांढऱ्या अक्षरांचा कोरा बोर्ड दिसायला देखणा असतो, आणि भोके संगणकीय अचूकतेची येतात. चीनमधील जेएलसीपीसीबीसारखे कारखाने हे काम करतात. आपल्याकडे गुजरातमधील पीसीबी पॉवर आणि बेंगळुरूमधील लायन सर्किट्सही बोर्ड बनवून देतात, आणि त्यात सीमाशुल्काची कटकट नसते. अनेक रचनाकार बोर्ड व पॅनेलची जोडी विकतात. पहिल्या मॉड्यूलसाठी तीच घ्यावी. किंवा मोरिट्झ क्लाइन आणि एरिका सिंथ्स यांच्या शिकवणीच्या किटसारखे पूर्ण किट घ्यावे. महाग पडते, पण त्यातली पुस्तिका सर्किटची एकेक पायरी समजावून सांगते.

गोव्यातच पॅनेल करून घ्यायचे तर नामफलक व ट्रॉफी बनवणाऱ्यांकडे लेसर असतो, पण त्यांच्याकडचा नेहमीचा ३ मिमी अ‍ॅक्रिलिक युरोरॅकला गैरसोयीचा आहे: ३.५ मिमीच्या जॅकचा आट्यांचा भाग मुळात आखूड असतो, त्यामुळे एवढ्या जाडीतून बाहेर येताना नटाला जेमतेम एक-दोन आटे उरतात, आणि नट जोरात आवळला तर अ‍ॅक्रिलिकला तडा जातो. कॉस्मोचे मोठे जॅक आणि पोटेन्शिओमीटर यांना ही अडचण सहसा येत नाही. साइनबोर्डवाल्यांकडे उरलेले ३ मिमी एसीपीचे (दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या प्लास्टिक पॅनेलचे) तुकडे कॉस्मोसाठी फार चांगले. हलके असतात, वाकत नाहीत, आणि घरच्या ड्रिलने नीट भोक पडते. युरोरॅकसाठी २ मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे किंवा पत्र्याच्या दुकानात कापून मिळते. जॅकसाठी ६ मिमीपेक्षा किंचित मोठे, ९ मिमीच्या पोटेन्शिओमीटरसाठी ७ मिमीपेक्षा किंचित मोठे, आणि वरखाली बसवण्याच्या स्क्रूसाठी ३.२ मिमीचे भोक ठेवावे. या वरच्या व खालच्या भोकांच्या मध्यांतील अंतर १२२.५ मिमी असते. ड्रिल लावण्यापूर्वी आराखडा कागदावर मूळ मापात छापून पुठ्ठ्यावर चिकटवावा, भोके पाडून प्रत्यक्ष भाग त्यात बसवून पाहावेत, आणि दोन नॉबच्या मध्ये बोटे फिरायला जागा राहते का तेही तपासावे. प्रिंटरच्या 'पानात बसवा' या पर्यायाने माप गुपचूप आकसते, म्हणून छापील पट्टी फूटपट्टीशी ताडून घ्यावी.

त्याच फॅब्रिकेटरकडून अ‍ॅल्युमिनियमचा अँगल घेऊन त्यात एम३ चा टॅप मारला (३ मिमी स्क्रूसाठी आटे पाडले) की पॅनेल स्क्रूने बसवायची रेलही तयार होते. सरकत्या नटांची विकतची रेल पहिल्या खोक्याला अनावश्यक आहे.

वीजपुरवठा अधिक आणि उणे १२ व्होल्टचा लागतो. स्थानिक भागांतून करायचा तर १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, १२-०-१२ चा नव्हे. १२ व्होल्टच्या वाइंडिंगचे शिखर १७ व्होल्टच्या आसपास येते, त्यातून डायोड व रिपल वजा झाले आणि संध्याकाळी वीज खाली आली की ७८१२ ला लागणारे दोन व्होल्टचे अंतर उरत नाही व स्वरात गुणगुण मिसळते. २३० व्होल्टच्या बाजूचा अनुभव नसेल तर ते काम जाणत्याकडून करून घ्यावे आणि फ्यूज टाळू नये. रिबन केबलची लाल कड उणे १२ व्होल्टकडे, हा युरोरॅकचा संकेत आहे, आणि केबल उलटी लागली तर चिप जातात. म्हणून केबल एकाच बाजूने बसू देणारे, खाच असलेले बॉक्स हेडरच बसवावेत.

इथल्या हवेसाठी एवढेच सांगेन की जॅक, स्विच आणि बोर्ड सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत, विशेषतः जूनपासून पुढे. सोल्डर झाल्यावर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढावा. दमट हवेत राहिलेला फ्लक्स ऑसिलेटरच्या कपॅसिटरभोवती बारीकसा प्रवाह झिरपू देतो, आणि मग दोष चिपमध्ये शोधत बसण्याची पाळी येते.