सही करण्याआधी वारा बघ

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. फोनवर बोलून हे नीट सांगता आलं नसतं म्हणून सविस्तर लिहितो. मुंबईत वर्सोव्याला यारी रोडवर जागा मिळाली हे छान झालं. खिडकीतून समुद्र दिसत नाही म्हणून हिरमुसू नकोस. दिसला असता तर भाडं दुप्पट असतं आणि खिडकीच्या बिजागऱ्या दर वर्षी गंजल्या असत्या. एसीचं बाहेरचं मशीन, बाईकची चेन, कपाटाची कुलपं, खाऱ्या हवेपुढे कशाचाच टिकाव लागत नाही. खोबरेल तेलाची बाटली हाताशी ठेव. पावसाळ्यात वाळूवर डांबराच्या गोळ्या येतात, तळपायाला चिकटल्या की त्याच तेलाने निघतात.

आता मुद्द्याचं. सोसायटीच्या ग्रुपवर अर्ज फिरतोय, ‘कोळीवाड्यातली मासळी सुकवणं बंद करा, सकाळी दुर्गंधीने जीव नकोसा होतो’, आणि सही करू का, असं तू विचारतेस. माझं उत्तर: इतक्यात नको. त्या अर्जातला ‘सकाळी’ हा शब्द मला खटकतो.

तू घाटावरची, शेताचं वेळापत्रक तुला कळतं. इथलं वेळापत्रक भरतीचं. कॅलेंडरमध्ये तिथी बघ आणि तिची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण किनाऱ्यावरची जुनी माणसं अजून याच हिशोबाने चालतात. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. तू लिहिलंस ना, की रोज सहालाच फिरायला जाते, पण कधी मैदानाएवढी वाळू मिळते आणि आठवड्याने गेलं तर अर्धी पुळण पाण्याखाली? पहिल्या वेळी पौर्णिमा नाहीतर अमावास्या जवळ असणार, दुसऱ्या वेळी अष्टमी. पंचांग काढून ताडून बघ.

आता वारा. शाळेत मतलई आणि खारे वारे पाठ केले असशील. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, दुपारी उलट. थंडीत आणि उन्हाळ्यात इथे दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. नकाशा उघड. कोळीवाडा तुझ्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. तेव्हा बोंबलाचा वास तुझ्याकडे यायचा तर दुपारी येईल. पहाटेचा वारा पूर्वेकडून येतो आणि पूर्वेला आहे मालाडची खाडी, तिवरं, आणि त्या खाडीत वर्षानुवर्षं उतरणारं सांडपाणी. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, सकाळी सहाला पाणी पार आत ओसरतं, काळा चिखल उघडा पडतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. सुक्या मासळीचा वास खारट, उग्र असतो, नवख्याला सोसत नाही हे मान्य. पण तो सडका नसतो. पंधरा दिवस वास आला की वेळ, तिथी आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेव. माझा अंदाज असा की अर्ज महापालिकेच्या मलनिःसारण खात्याकडे जायला हवा, आणि तो लिहायला कोळीवाड्यातली माणसं तुमच्या आधी पुढे येतील, कारण त्या पाण्यावर त्यांचं पोट आहे.

एकदा तिकडे जाऊन ये. मांडवी गल्ली, बुधा गल्ली, बाजार गल्ली, वाट विचारत जा, कोणीही सांगेल. मेट्रोच्या पाटीवर वर्सोवा असलं तरी तिथे वेसावेच म्हण. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी, म्हणजे मासळी वाळत घालायच्या मांडण्या, उभ्या दिसतील. बाई टोपलीतून दोन बोंबील उचलते, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवते आणि ती जोडी दोरीवर टाकते. बोटं इतकी भराभर चालतात की मध्ये काय झालं ते दिसतच नाही. बोंबलाच्या अंगात बहुतांश पाणीच, म्हणून ओला टिकत नाही. कडक ऊन आणि वारा मिळाला तर दोन-तीन दिवसांत वाळतो. मीठही लावत नाहीत. या कामाला मोकळी, वाऱ्याची जागा लागते, आणि नेमक्या त्याच जागेवर सगळ्यांचा डोळा असतो. ‘जागा पडूनच आहे’ असं तुमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलेलं असणारच. पावसाळ्यात वलांडी रिकाम्या बघून लिहिलं असेल. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११च्या अधिसूचनेने मुंबईतले कोळीवाडे नकाशावर नोंदवायला सांगितलं होतं.

फोटो काढायचे तर आधी विचार. बायांना मावशी म्हण. त्यांच्या कामाच्या वाटेत उभी राहू नकोस आणि वाळूवर पसरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नकोस, ही चूक तिथे कोणी हसून सोडत नाही. मासळी घ्यायची तर उधाणात जा. डोलीचं जाळं म्हणजे पाण्यात रोवून ठेवलेली लांब पिशवी, ओढीचं पाणी जितकं जोरात तितकी ती भरते. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे बोंबील, करंदी, मांदेली भरपूर येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाण्याला ओढ नाही, डोलकर बरेचसे जाळी शिवत बसलेले. त्या दिवसांत तुला बोलायला माणसं मिळतील, मासळी कमी मिळेल. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते. तेव्हा ‘ताजी सुरमई’ म्हणून कोणी गळ्यात मारली तर कुठल्या बर्फातली, असं विचार.

समुद्रात पोहायचा विचार असेल तर सोडून दे. खाडीच्या तोंडाला ओढ फसवी असते. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे, जेलीफिशच्या जातकुळीतले जीव वाळूवर येतात, दिसतात गोड. मेलेलेसुद्धा डंख मारतात, हात लावू नकोस.

किनारा साफ करायला जायचं म्हणालीस, जरूर जा. २०१५च्या ऑक्टोबरात अफरोज शाह या वकिलाने इथे कचरा उचलायला सुरुवात केली तेव्हा वाळू प्लास्टिकखाली गाडलेली होती. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याला गौरवलं, आणि मार्च २०१८मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं याच वाळूतून समुद्रात गेली. पण दर पावसाळ्यात समुद्र पुन्हा ढीग आणून टाकतो. तो कचरा नाल्यांतून आलेला असतो, तुझ्या-माझ्या घरातलाही. फोटोपुरती एक सकाळ देणारे भरपूर भेटतील. तू सप्टेंबरात जा, तेव्हा माणसांची खरी गरज असते.

रविवारी वेळ असला तर होडीने मढला जाऊन ये. चार-पाच मिनिटांची खाडी, होडीत स्कूटरसुद्धा चढवतात. रस्त्याने जायचं तर मालाडचा वळसा. वेसाव्याचा किल्ला म्हणतात तो पलीकडे मढलाच आहे. पोर्तुगीजांकडून १७३९ साली मराठ्यांनी घेतला तो. आत जायला मिळेल असं नाही, बाहेरून बघ. मात्र येताना होडीत उत्तरेच्या बाजूला बस, खाडी आतवर कशी वळते आणि तिवरं कुठून सुरू होतात ते एकदा डोळ्यांनी पाहिलंस की वासाचा सगळा नकाशा कळेल.

ग्रुपवर मात्र लगेच भांडण काढू नकोस. नवी भाडेकरू आहेस, आधी पंधरा दिवसांची टिपणं हातात असू दे. सेक्रेटरींना जिन्यात गाठून दाखव, चारचौघांत नाही.

तुझ्या बाबांना सुके बोंबील हवे आहेत असं आई म्हणत होती. मे संपायच्या आत घे, वाकवून बघ, कडक तुटले तरच घे. एसटीने पाठवणार असशील तर डब्याचं झाकण टेपने घट्ट बंद कर, नाहीतर कंडक्टर वाटेतच उतरवून ठेवील.

तुझा,
काका