आजीच्या पुतळीहारातल्या सहा पुतळ्या

ताई, तुम्ही विचारलंय की आजीच्या पुतळीहारात सहा पुतळ्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिसतात, गुजरीतल्या सराफांनी मशीनवर धरून "सोनं चोख आहे" असं सांगितलं, तर त्या जुनी नाणी समजायच्या का? चोख सोनं आणि अस्सल नाणं या दोन वेगळ्या गोष्टी. सराफांनी पहिलीचं उत्तर दिलंय. लेबनॉनमध्ये पूर्वी गिन्नीच्या नकला पूर्ण सोन्यात पाडल्या गेल्या. कस लावला तर त्या पास होतात, पण नाणं खोटंच.

पुतळी हे मुळात व्हेनिसच्या डुकाटचं आपल्याकडचं नाव, त्यावरच्या माणसांच्या आकृत्यांवरून पडलेलं. १२८४ पासून १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक संपेपर्यंत छाप जवळपास तोच राहिला. एका बाजूला संत मार्क उभे, समोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, आणि दोघांमध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला लंबगोलात येशू, भोवती चांदण्या. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण २९ गुंजा, आणि सोनं जवळजवळ शंभर नंबरी. व्यापारातून ही नाणी आपल्या बंदरांत उतरली आणि कड्या लावून बायकांच्या गळ्यात गेली. मग इथल्या कारागिरांनीही तसाच छाप कोरून पुतळ्या पाडल्या.

आता भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. आधी पाठ बघा. पुढची आकृती मागे खोलगट उलटी उमटली असेल तर ती ठशावर दाबलेली पत्र्याची पुतळी, नाणं नव्हे. तुमच्या हारातल्या बाकीच्या, लक्ष्मीच्या, बहुधा तशाच असतील. दोन्ही बाजूंना वेगळा छाप असेल तर कडेची अक्षरं बघा. अस्सल डुकाटवर लॅटिन अक्षरं असतात, ओबडधोबड असली तरी एकेक ओळखू येतात. इथल्या कारागिराला ती लिपी येत नव्हती, त्यामुळे त्याच्या हाताखाली अक्षरांच्या उभ्या रेघा आणि ठिपके झाले. डोजच्या अंगरख्याच्या चुण्यासुद्धा नुसत्या रेघा होतात. अशी पुतळी निघाली तर हिरमुसू नका. ती फसवायला केलेली नाही, दागिन्यासाठी केलेली आहे, आणि मला स्वतःला तर ती व्हेनिसच्या नाण्याइतकीच जपावीशी वाटते.

फसवणुकीची वस्तू वेगळी दिसते. ती बहुतेक साच्यात ओतलेली असते. पृष्ठभागावर बारीक खड्डे, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या, आणि कडेला कानस मारून लपवलेली जोडाची रेघ. हातोड्याने पाडलेली दोन नाणी कधी हुबेहूब सारखी नसतात. दोघांवर एकाच जागी एकच टोचा दिसला की समजा, साचा एकच. झीजही बघा. खऱ्या वापराने उंच भाग आधी झिजतो, म्हणजे चेहरे, गुडघे आणि काठीचा मधला भाग. सगळीकडे सारखी झीज असेल तर मला संशय येतो.

घनता सराफांच्या मिलिग्रॅमच्या काट्यावरच काढा. पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात अधांतरी बुडवा, तळाला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. शुद्ध सोन्याला १९.३ येतात, २२ कॅरेटला साडेसतराच्या वर, पितळेला साडेआठच्या आसपास. साडेतीन ग्रॅमच्या नाण्याचा पाण्यातला आकडा जेमतेम ०.१८ ग्रॅम असतो, म्हणून घरचा काटा इथे चालत नाही. झाळलेल्या कडीमुळेही आकडा थोडा खाली येतो. मशीन फक्त वरचा थर वाचतं, त्यामुळे जाड मुलामा असला तर ते फसतं, ही तपासणी सहसा फसत नाही.

एक कळकळीची विनंती. हार उजाळायला देऊ नका. माझ्या आत्याच्या चार पुतळ्या लग्नाच्या घाईत उजाळायला दिल्या होत्या. परत आल्या तेव्हा लखलखत होत्या आणि अक्षरं पुसट झाली होती. डोजचं नाव वाचता आलं असतं तर त्या कोणत्या काळातल्या ते कळलं असतं. अजूनही ते मनाला लागतं.

कागलच्या बाजूचा माणूस "शेतात सापडलेला शिवराई होन" स्वस्तात देतोय म्हणता, त्याला आजच नाही म्हणा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळच्या त्या होनावर एका बाजूला "श्री राजा शिव", दुसरीकडे "छत्रपति". अस्सल होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, नकला ढीगभर. हे लोक पहिलं नाणं खरं देतात, सराफाकडे तपासून घ्या म्हणतात, आणि मग पिशवीभर पितळ गळ्यात मारतात. शिवाय जमिनीत सापडलेलं धन १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. खरोखर सापडलं असेल तर त्याने तिकडे जावं.

दुबईच्या भावाकडे विकायला पाठवण्याचा विचारही सोडा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही.

सहाही पुतळ्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात काढा आणि कडीसकट प्रत्येकीचं वजन लिहून ठेवा. हार पटवेकऱ्याकडे ओवायला द्यायच्या आधी कोणती पुतळी कुठे होती तेही लिहा. मधल्या दोन तुम्ही म्हणता तशा जास्त झिजलेल्या असतील तर मी त्यांच्यापासूनच सुरुवात करीन.