हातापायांतलं बळ जातं तेव्हा लघवी का तपासायची?

प्रश्न : माझी पत्नी ३४ वर्षांची आहे. एका सकाळी तिचे पाय उचलेनात. पोटॅशियम २.१ निघालं. सलाईनमधून पोटॅशियम दिल्यावर दुसऱ्या दिवशी चालू लागली. सात महिन्यांनी पुन्हा तसंच झालं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला घटक, नॉर्मल आहे. आता काय तपासावं?

रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट (मोजण्याचं एकक) असतं. ते अडीचच्या खाली गेलं की हातपाय लुळे पडू शकतात. पण २.१ म्हणजे निदान नव्हे. पोटॅशियम गेलं कुठे, ते शोधायला हवं. थायरॉईडचं हार्मोन वाढल्यावर ते पेशींच्या आत सरकतं, म्हणून टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करा. जुलाबांतून जातं. आणि किडनीतूनही गळतं.

ही गळती लघवीत दिसते. एकाच नमुन्यात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मोजतात. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे पोटॅशियम १३ मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त असेल, तर संशय किडनीवर जातो. नमुना मात्र पोटॅशियम सुरू करण्याआधीचा हवा. उपचार त्यासाठी क्षणभरही थांबवू नयेत, पण बाटलीभर लघवी बाजूला ठेवायला वेळ लागत नाही. दोन-दोनदा असे हातपाय लुळे पडूनही लघवी कुणी तपासलेली नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

सोबत एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी करावी. बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) कमी, क्लोराइड जास्त आणि रक्त आम्लधर्मी असूनही लघवीचा पीएच ५.५च्या वर, असं चित्र दिसलं तर डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस (डिस्टल आरटीए) असू शकतो. यात किडनीला आम्ल बाहेर टाकता येत नाही. क्रिएटिनिन नॉर्मल असल्यानं ‘किडनी ठीक आहे’ असं सांगितलं जातं, आणि तिथेच फसगत होते. सोनोग्राफीत खडे किंवा किडनीत साठलेलं कॅल्शियम दिसतं का, तेही पाहावं. पत्नीचं तोंड सतत कोरडं पडतं का? डोळे चुरचुरतात? दात भराभर किडलेत? तसं असेल तर शोग्रेन आजारासाठी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ-अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते त्यासाठी, अँटी-रो, अँटी-ला या रक्ततपासण्या जरूर करा. डिस्टल आरटीएमागे हा आजार लपलेला असू शकतो.

उलट बायकार्बोनेट वाढलेलं, मॅग्नेशियम कमी आणि लघवीत कॅल्शियमही कमी असेल, तर गिटेलमन सिंड्रोम, म्हणजे किडनीतून क्षार गळणारा आनुवंशिक आजार, याचा विचार होतो.

प्रश्न : वडिलांना किडनीचा जुना आजार आहे. पोटॅशियम ६.४ आलं, पुन्हा तपासल्यावर ४.८. लॅबची चूक का?

बहुधा रक्त काढतानाची. पट्टा फार वेळ आवळून ठेवला, मूठ वारंवार मिटायला लावली किंवा नळीत रक्तपेशी फुटल्या, की आकडा खोटा चढतो. तरीही ६.४ आल्यावर आधी इसीजी काढावा. टी-लहरी उंच, टोकदार दिसल्या तर दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहायची नाही. वाढलेल्या पोटॅशियमनंही स्नायू लुळे पडतात, पण त्याआधीच हृदय बंद पडण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि ‘लो सोडियम’ मीठ यांनीही पोटॅशियम वाढतं. घरातली मिठाची पिशवी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : गोळ्या घेऊनही पोटॅशियम चढत नाही.

मॅग्नेशियम तपासलंय का? ते कमी असेल तर किडनी पोटॅशियम धरून ठेवत नाही. आधी मॅग्नेशियम भरून काढावं लागतं.

प्रश्न : नसांची तपासणी, एनसीव्ही, लागेलच का?

प्रत्येकाला नाही. पोटॅशियम भरून आल्यावरही ताकद परतली नाही, किंवा मुंग्या, बधिरपणा असेल, तर गियाँ-बारे हा नसांचा आजार नाही ना, हे पाहायला ती करतात. तोवर सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी करून घ्या; पोटॅशियम फार खाली गेलं तर स्नायूच फुटू लागतात आणि त्याचा भार पुन्हा किडनीवरच पडतो.