सॅल्मन शैवालाने मरतो की उपासमारीने?

चिलीतल्या शैवालाच्या बहराने, म्हणजे पाण्यात शैवाल एकाएकी बेसुमार वाढल्याने, हजारो टन सॅल्मन मासे मेले. मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मुक्त (न पाळलेले) सॅल्मन घटण्यामागेही शैवालच असेल का, असे आपण विचारले आहे. दोन्ही घटनांमागे असामान्य हवामान होते हे खरे, परंतु मासा मरण्याची रीत दोन्हीकडे निराळी आहे आणि ती वेगळी ठेवूनच विचार करावा, असे माझे मत आहे.

चिलीत २०१६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे तिथल्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, रेलोंकावी आखात आणि चिलोए बेटाच्या परिसरात स्यूडोचॅटोनेला या सूक्ष्म शैवालाचा बहर आला आणि पिंजऱ्यांत पाळलेले सुमारे ४० हजार टन सॅल्मन मेले. एरवी तिथल्या खाड्यांत नद्यांचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखे पसरलेले असते. त्या वर्षी प्रबळ एल निन्यो, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापून हवामान बिघडवणारी स्थिती, होता. पाऊस कमी झाला, नद्यांचे पाणी घटले, तो थर दुबळा झाला, पोषकद्रव्यांनी समृद्ध असे खारे पाणी वरच्या थरात मिसळले आणि निरभ्र आकाशामुळे शैवालाला भरपूर ऊन मिळाले.

हे शैवाल माशाच्या कल्ल्यांना इजा करते. किटोसेरोस या दुसऱ्या सूक्ष्म शैवालाच्या (डायटमच्या) काही जातींचे तर काटेच कल्ल्यांत रुततात, कल्ल्यांवर चिकट स्राव साचतो आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. म्हणूनच बहराची चाहूल लागताच अनुभवी मत्स्यपालक आधी खाद्य बंद करतात, कारण खाद्यासाठी मासा पृष्ठभागाकडे, म्हणजे बहुधा शैवाल दाट असते तिथेच येतो आणि पचनासाठीही त्याला जास्त ऑक्सिजन लागतो. पिंजऱ्यातल्या माशाला दूर निघून जाता येत नाही, हे त्याच्या हानीचे मोठे कारण आहे.

मुक्त सॅल्मनचे तसे नाही. ईशान्य प्रशांत महासागरात २०१३च्या अखेरीपासून साठलेले उष्ण पाणी, ज्याला 'ब्लॉब' हे नाव पडले, ते २०१६पर्यंत टिकले. २०१५मध्ये कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत स्यूडो-निट्झ्शिया या सूक्ष्म शैवालाचा प्रचंड बहर आला आणि त्यातील डोमोइक आम्ल या विषामुळे खेकड्यांचा हंगाम लांबणीवर टाकावा लागला. सॅल्मनचे मोठे नुकसान मात्र अन्नसाखळीतून झाले. उत्तरेकडून वारे वाहतात तेव्हा ओरेगॉनच्या किनाऱ्याशी खोलचे थंड पाणी वर येते आणि त्या थंड पाण्यात चरबीने भरलेले कोपेपॉड, म्हणजे लहान माशांचे खाद्य असलेले सूक्ष्म कवचधारी जीव, असतात. उष्ण वर्षांत त्यांची जागा दक्षिणेकडचे बारीक, कमी चरबीचे कोपेपॉड घेतात. सॅल्मनची पिल्ले ज्या लहान माशांवर जगतात, त्या माशांचेच पोषण त्यामुळे निकस होते. त्यातच उष्ण पाण्यात पिल्लांची भूक वाढलेली असते, म्हणून समुद्रातल्या पहिल्याच उन्हाळ्यात ती रोडावतात आणि मोठ्या माशांच्या व पक्ष्यांच्या तोंडी सहज पडतात.

समुद्रात वाढलेले सॅल्मन अंडी घालायला नदीत परततात, त्यामुळे याचा परिणाम नदीत दिसतो तो एक ते तीन-चार वर्षांनी, जातीनुसार. म्हणून एखाद्या वर्षी सॅल्मन कमी परतले, तर त्या वर्षीच्या बहराकडे बोट दाखवण्याआधी ते मासे पिल्ले म्हणून समुद्रात उतरले त्या वर्षीचे पाणी कसे होते, हे कृपया तपासावे.