आधी डिप्रेशन म्हणाले, आता बॉर्डरलाइन म्हणतात

प्रश्न: डॉक्टर, माझी धाकटी बहीण 24 वर्षांची आहे. दोन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, तीनदा बदलून झाल्या, थोडे दिवस बरं वाटतं आणि परत तेच. मैत्रिणीने मेसेज वाचून रिप्लाय नाही दिला तरी संध्याकाळभर रडते, चिडते, दोनदा स्वतःच्या हाताला इजा करून घेतली आणि सकाळी उठून काही झालंच नाही अशी चहा टाकते. आता नवीन डॉक्टरांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर सांगितलंय. म्हणजे डिप्रेशन नव्हतंच का? आईला वाटतं नाटकं करते, मावशी म्हणते लग्न लावून द्या, सुधारेल.
– एक ताई, नाशिक

उत्तर: अगं, पहिल्यांदा एक सांगते, ही नाटकं नाहीत. आईला पटवायला वेळ लागेल पण पटवच, कारण "नाटक करतेस" हे वाक्य अशा मुलीला जेवढं लागतं तेवढं दुसरं काही लागत नाही.

आता डिप्रेशन होतं की नव्हतं. असेलही, खरं तर असण्याचीच शक्यता जास्त, कारण बॉर्डरलाइन, म्हणजे भावना आणि नाती सतत डळमळीत राहण्याचा आजार, असलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतंच. दोन्ही एकत्र राहतात आणि बाहेरून दिसतात सारखी, म्हणून आधीच्या डॉक्टरांना लगेच दोष देऊ नकोस. डिप्रेशन म्हणायचं तर निदान दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास हवं किंवा कशातच रस वाटायला नको, सोबत झोप, भूक, एकाग्रता वगैरे बिघडलेलं असतं. बॉर्डरलाइनमधला मूड मात्र काही तासांत पालटतो, फार तर एकदोन दिवस टिकतो आणि मागे बहुतेक वेळा कुणीतरी माणूस असतं, रिप्लाय न देणारी मैत्रीण, फोन कट करणारा मित्र, आवाज चढवणारे बाबा. "ही व्यक्ती मला सोडून जाणार" ही भीती, आतून पोकळ वाटणं, मग राग, मग त्या रागाचीच लाज. सकाळचा चहा म्हणूनच खरा आणि रात्रीचं रडणंही खरं. मूड असा पटापट बदलतो म्हणून कुणी बायपोलर, म्हणजे मूड खूप चढण्याउतरण्याचा आजार, म्हटलं तर सांगते, त्यातल्या लाटा साधारणपणे दिवसांच्या, आठवड्यांच्या असतात, तासांच्या नसतात.

मग गोळ्या का चालेनात? याचं उत्तर मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ जॉन गंडरसन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही आजार असलेल्यांना काही वर्षं फॉलो केलं आणि 2004 मध्ये जे मांडलं ते असं, की बॉर्डरलाइन सुधारलं की मागोमाग डिप्रेशनही बऱ्याचदा उतरतं, पण उलटं होत नाही, नुसतं डिप्रेशन उतरल्याने बॉर्डरलाइन सुधारत नाही. म्हणजे तुमच्याकडे दोन वर्षं वरचं पाणी उपसणं चाललं होतं आणि खालचा झरा तसाच. पण म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, एकदम बंद केल्या तर त्रास होतो, आणि डिप्रेशन खरंच असेल तर त्या हव्यातच. फक्त बॉर्डरलाइनसाठी म्हणून मंजूर झालेलं एकही औषध नाही, तिथे मुख्य उपचार म्हणजे थेरपी.

डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, हे नाव लिहून ठेव आणि डॉक्टरांना विचार. ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी तयार केली, आणि 2011 मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतः मानसिक रुग्णालयात भरती होत्या. बहिणीला हे जरूर सांग. या थेरपीत भावनेची लाट आली की तेवढा वेळ स्वतःला इजा न करता कसं काढायचं हे अक्षरशः शिकवतात, सराव करून घेतात. नाशिकमध्ये शिकलेलं कुणी नाही मिळालं तर पुण्यामुंबईच्या थेरपिस्टकडे ऑनलाइन होतं का ते विचार.

आणि हा आजार जन्माचा नाही गं. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये संशोधक मेरी झनारिनी यांनी बॉर्डरलाइनच्या 290 रुग्णांना दहा वर्षं फॉलो केलं, त्यातल्या 93 टक्के लोकांची लक्षणं निदान सलग दोन वर्षं तरी आजाराच्या पातळीखाली गेली. नोकरी, नाती नीट बसायला मात्र जास्त वेळ लागला, तेवढा धीर धरा. मावशींना सांग, लग्न हे औषध नाही, जवळच्या नात्यातच जिचं मन सगळ्यात जास्त ढवळतं तिला नवं घर, नवी माणसं एकदम अंगावर घालू नका.

रात्री ती रडत असेल तेव्हा सल्ला देऊ नकोस. "खूप दुखतंय ना, मी इथेच बसलेय" एवढं पुरे, काय झालं ते सकाळी बोलता येतं. घरातल्या सगळ्या गोळ्या, तिच्यासुद्धा, तुझ्या ताब्यात ठेव आणि रोजच्या रोज दे. ती मरणाबद्दल बोलली तर सरळ विचार, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, आणि तेव्हा तिला एकटी सोडू नकोस, लगेच हॉस्पिटलला ने. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तू स्वतः थकलीस तरी तिथे फोन कर.